आरशाच्या चौकटीत दडवलेला सेन्सर

प्रतिबिंबासोबत वेळ, हवामान अशी माहिती दाखवणारा स्मार्ट आरसा घरी बनवायला घेतला की बहुतेकांचे सगळे लक्ष काच, मॉनिटर आणि रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक या तीन गोष्टींवर असते. समोर माणूस आल्याचे ओळखणारा सेन्सर मात्र सगळे जोडून झाल्यावर, जिथे जागा उरेल तिथे बसवला जातो. माझे मत याच्या उलट आहे. सेन्सर कुठे बसणार हे आधी ठरवावे आणि मगच सुताराला चौकटीची मापे द्यावीत. काच आणि मॉनिटर यांच्या जागा ठरलेल्याच असतात. सेन्सरची जागा चुकली, तर आरसा कोणी नसताना उगाच उजळत राहतो, नाही तर समोर उभे राहून हात हलवत बसावे लागते. नागपुरातल्या आमच्या घरी, बैठकीच्या खोलीतून आतल्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळीत लावलेल्या आरशाच्या निमित्ताने या एका गोष्टीचा मी बराच काळ विचार केला आणि तो सविस्तर मांडावा असे वाटले.

रचना थोडक्यात सांगतो. समोर एकतर्फी काच, तिच्या मागे बाहेरचे कवच काढून टाकलेला जुना मॉनिटर, त्याच्या पाठीवर रास्पबेरी पाय, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी सागवानी चौकट. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असतात. काळा भाग काचेत आरशासारखा राहतो आणि अक्षरे तेवढी आरपार दिसतात. यासाठी जे मुक्त सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते ते मॅजिकमिरर. नेदरलँड्सच्या मायकेल टेऊ यांनी २०१४ मध्ये आपल्या आरशाची माहिती जाहीर केली आणि त्यातून हा प्रकल्प वाढत गेला. घड्याळ, दिनदर्शिका, हवामान, बातम्या हे घटक त्यात तयारच मिळतात. याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

सेन्सर हवाच कशाला, असे कोणी विचारले तर तीन कारणे आहेत. पहिले विजेचे. साधारण २२ इंची मॉनिटर २५ वॉट घेतो असे धरले, तर चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला १८ युनिट होतात; प्रत्यक्षात आरशासमोर घरातली सगळी माणसे मिळून दिवसाचे दोन तासही उभी राहत नाहीत. दुसरे कारण उष्णतेचे. मॉनिटर आता बंदिस्त चौकटीत आहे, त्याच्या पाठीमागे भिंत आणि पुढे काच आहे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तो अखंड चालू ठेवणे त्याच्या आयुष्याच्या दृष्टीने बरे नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एलसीडी पडद्याचा काळा रंग पूर्ण काळा नसतो, मागचा दिवा थोडा झिरपतोच. दिवसा ते जाणवत नाही, पण रात्री अंधाऱ्या बोळीत आरशाच्या जागी एक राखाडी चौकोन चमकत राहतो आणि तो आरसा वाटेनासा होतो. समोर कोणी नसताना आरसा निव्वळ आरसा राहावा, एवढ्यासाठी सेन्सर हवा. आणि त्यासाठीच तो दिसताही कामा नये. चकचकीत काचेखाली पांढरा प्लास्टिकचा गोळा लटकत असेल, तर चौकटीला केलेले सगळे पॉलिश वाया गेले म्हणायचे.

हालचाल ओळखण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगातून निघणारे उष्णतेचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपणारा सेन्सर. बाजारात एचसी-एसआर५०१ या नावाने मिळणारे मॉड्यूल आपल्यापैकी अनेकांनी हाताळले असेल: ३२ बाय २४ मिलिमीटरची हिरवी पट्टी, तिच्यावर २३ मिलिमीटर व्यासाचा दुधी घुमट, मागे दोन नारिंगी पोटेन्शिओमीटर (फिरवून संवेदनशीलता आणि वेळ ठरवायच्या कळी) आणि एक जम्पर. घुमटाच्या आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन तुकडे शेजारी शेजारी असतात. त्यांच्यावर पडणारी उष्णता बदलली की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो. दोन्ही तुकडे एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असल्यामुळे संपूर्ण खोली सावकाश तापली तर दोघांचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो. पण उष्ण वस्तू एकाच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत सरकली की फरक पडतो आणि बाहेर ३.३ व्होल्टचा संकेत मिळतो. घुमट म्हणजे बारीक बारीक फ्रेनेल भिंगांचा समूह असतो. समोरच्या जागेचे तो अनेक पट्ट्यांत तुकडे करतो आणि माणूस एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेला की सेन्सरला ते कळते. म्हणूनच सेन्सरला आडवा जाणारा माणूस लवकर समजतो आणि थेट त्याच्या दिशेने चालत येणारा उशिरा. आरशाच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवे, कारण आरशाकडे माणूस शेवटी सरळच येतो.

आता लपवण्याचा प्रश्न. सर्वांना प्रथम सुचणारी जागा म्हणजे काचेच्या मागची. मॉनिटरचा प्रकाश जर काचेतून बाहेर येतो, तर सेन्सरलाही तिच्यातून बाहेरचे दिसायला हवे, असा तो विचार असतो. शिवाय कोणी तरी सांगतेच की टीव्हीचा रिमोट काचेच्या शोकेसमधूनही चालतो, मग अवरक्त किरणांना काचेची अडचण ती काय! ही गल्लत समजून घेण्यासारखी आहे. रिमोटमधल्या एलईडीची तरंगलांबी सुमारे ०.९४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, म्हणजे ती दृश्य प्रकाशाच्या अगदी शेजारची आहे. माणसाच्या त्वचेचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस धरले, तर तिच्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास असतो. दोन्हींना आपण अवरक्तच म्हणतो, पण त्यांच्यात दहा पटींचे अंतर आहे. साधी खिडकीची काच चार-पाच मायक्रॉनच्या पुढे जवळजवळ काहीही आरपार जाऊ देत नाही, आणि अॅक्रिलिकचेही तसेच आहे. ज्या काचेतून आपल्याला समोरचा माणूस लख्ख दिसतो, ती पीआयआर सेन्सरच्या लेखी भिंत असते. एकतर्फी काच असो की साधी, लेप असो की नसो, याने काही फरक पडत नाही.

हे नुसते वाचून सोडून देण्यापेक्षा टेबलावर करून पाहावे, कारण पंधरा-वीस मिनिटांत पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. मी एएम३१२ नावाचा छोटा पीआयआर सेन्सर घेतला, त्याच्या बाहेर येणाऱ्या तारेवर रोधासह एक लाल एलईडी लावली, आणि भिंगासमोर वेगवेगळ्या वस्तू एकेक करून स्टँडला चिमट्याने अडकवल्या. वस्तू हातात धरू नये, कारण हाताची ऊबच सेन्सरला चाळवते. अडकवून झाल्यावर मिनिटभर दूर व्हावे, एलईडी विझू द्यावी आणि मगच मीटरभर अंतरावरून हात आडवा न्यावा. ४ मिलिमीटरची काच लावल्यावर एलईडी ढिम्म राहिली. अॅक्रिलिकचा तुकडा लावला तरी तसेच. सागाच्या कागदासारख्या पातळ व्हिनियरमागेही काही नाही. सुती ओढणीतून हात अगदी जवळ नेला तेव्हा कुठे एकदा लागली. भाजीवाल्याकडच्या पातळ पारदर्शक पिशवीतून मात्र ती जणू मध्ये काहीच नसल्याप्रमाणे लागली. आणि शेवटी कचऱ्याच्या डब्याला लावतो ती काळी पिशवी, जिच्यातून डोळ्यांना पलीकडचे काही दिसत नाही, ती एकपदरी ताणून लावली, तरीही एलईडी हाताच्या प्रत्येक फेरीला उजळली.

त्या काळ्या पिशवीत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पॉलिथिन हा पदार्थ लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना बऱ्यापैकी वाट देतो. सेन्सरवरचा दुधी घुमटही पॉलिथिनचाच असतो, तो काही सोयीसाठी स्वस्त प्लास्टिकचा केलेला नाही. पिशवीतला काळा रंग दृश्य प्रकाश अडवतो, पण पापुद्रा काही दशांश मिलिमीटरहूनही पातळ असल्यामुळे उष्णतेचे किरण त्यातून निघून जातात. गडद पॉलिश केलेल्या चौकटीत एक भोक पाडले आणि त्यावर आतून काळ्या पॉलिथिनचा एकच पदर ताणून चिकटवला, तर समोरून पाहणाऱ्याला लाकडातली एक गडद गाठ दिसते आणि सेन्सरला पूर्ण बोळ दिसते. पिशवी निवडताना ती पॉलिथिनचीच आहे याची खात्री करावी. चुरगळल्यावर कडक कडकड वाजणारा चमकदार कागद बहुतेक वेळा दुसऱ्याच प्लास्टिकचा असतो. शंका असेल तर वरची एलईडीची चाचणी आहेच.

या पापुद्र्याचा आणखी एक उपयोग आमच्याकडे राहणाऱ्यांना पटेल. लाकडातले उघडे भोक म्हणजे कुंभारीण माशीला आमंत्रण असते. खिडकीच्या चौकटी, कुलपांची भोके, विजेच्या बोर्डातली सॉकेटे यांत ती ओली माती आणून भरते हे आपण सगळेच पाहतो. सेन्सरसमोर मातीची गुळगुळीत भिंत उभी राहिली तर तो कायमचा आंधळा होईल आणि दोष मात्र वायरिंगमध्ये शोधला जाईल.

भोक चौकटीच्या कोणत्या बाजूला पाडायचे, हा पुढचा प्रश्न. वरची पट्टी मी पहिल्यांदाच बाद केली. मॉनिटरची आणि रास्पबेरी पायची गरम हवा वरच्या फटीतूनच बाहेर पडते. उष्ण हवेचे लोट सेन्सरच्या नजरेसमोरून, अगदी जवळून जात राहिले, तर कोणी नसतानाही त्याला हालचाल जाणवू शकते. पडदा उजळतो, तापतो, गरम हवा सोडतो, त्या हवेने सेन्सर पुन्हा चाळवतो आणि पडदा विझायचे नावच घेत नाही. बाजूच्या पट्ट्यांना दुसरी अडचण आहे: उभ्या पट्टीवरचे भोक माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येते किंवा निदान त्याच्या नजरेत तरी राहते. खालची पट्टी सर्वांत सोयीची. उभ्या माणसाला तिचा दर्शनी भाग तिरकाच दिसतो, तिथली हवा थंड असते, आणि तारा आतल्या आत मॉनिटरच्या खालून नेता येतात.

खालच्या पट्टीतही भोक नेमके मध्यभागी असावे असे नाही. माणूस ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या कोपऱ्याकडे ते सरकवले तर चालणाऱ्याचा मार्ग सेन्सरला आडवा कापतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे आडवी हालचाल त्याला लवकर कळते. आमच्याकडे येणारी-जाणारी माणसे जवळजवळ नेहमी बैठकीच्या बाजूनेच येतात, म्हणून भोक त्या कोपऱ्यापासून वीतभर आत आहे.

त्याच्या मापाचा विचार मात्र सावकाश करावा लागतो. १८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत १२ मिलिमीटर व्यासाचे सरळ भोक पाडले आणि सेन्सर मागे टेकवला, तर भिंगाच्या मध्यापासून मोजलेला नजरेचा कोन सुमारे ३७ अंशांचा राहतो. म्हणजे दोन मीटर अंतरावर सव्वा मीटरहून थोडी अधिक रुंदी त्याला दिसते. एरवी हाच सेन्सर १०० अंशांच्या आसपास पाहतो. ही अरुंद नजर एका अर्थाने हवीच आहे, कारण बैठकीत पंख्याखाली बसलेला माणूस कूस बदलतो म्हणून बोळीतला आरसा उजळू नये. पण दुसरी बाजू अशी की मॉनिटर झोपेतून उठायला दोन-तीन सेकंद घेतो. माणूस आरशासमोर येऊन उभा राहिल्यावर सेन्सरला कळले, तर त्याने केसांवरून हात फिरवून पाठ फिरवेपर्यंत वेळ दिसत नाही. सेन्सरला माणूस चार पावले आधी दिसायला हवा आणि खोलीतला माणूस मुळीच दिसू नये, अशी ही ओढाताण आहे. भोकाला समोरच्या तोंडाशी एकाच बाजूला, म्हणजे माणूस येतो त्या बाजूला, तिरका उतार दिला की ती सुटते: नजर त्या दिशेने रुंदावते आणि उरलेल्या बाजूंना अरुंदच राहते. सुतारकाकांना कागदावर वरून दिसणारा छेद काढून दाखवला, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि अर्ध-गोल कानशीने तो उतार इतका सफाईने घासून दिला की मशीनलाही तो तसा जमला नसता. कामाचे कारण कळले की आपल्याकडचे कारागीर ते जीव लावून करतात, हा अनुभव मला वारंवार आला आहे.

एएम३१२ निवडण्याचे कारण त्याचा आकार. त्याचे भिंग एचसी-एसआर५०१च्या घुमटाच्या जवळजवळ निम्म्या व्यासाचे असते, त्यामुळे भोकही लहान राहते. तो ३.३ व्होल्टवरही चालतो आणि एकदा हालचाल दिसली की सुमारे दोन सेकंद संकेत देतो. त्याला फिरवायला पोटेन्शिओमीटर नसतो, पण पडदा किती वेळ चालू ठेवायचा हे सॉफ्टवेअरनेच ठरवावे असे माझे मत असल्याने त्याची उणीव भासत नाही. त्याची मर्यादा तीन ते पाच मीटर आहे, आणि बोळीसाठी ती पुरेशी आहे.

इथवरचे गणित पुण्यातल्या किंवा नाशिकातल्या घरासाठी पुरले असते. नागपुरात एप्रिल-मेचा वेगळा विचार करावा लागतो. पीआयआर सेन्सरला माणूस दिसतो तो त्याच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानातल्या फरकामुळे. जानेवारीत भिंत २० अंशांवर असते आणि चेहरा ३३ अंशांवर, तेव्हा फरक भरपूर असतो. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घराच्या भिंती तापत तापत ३३-३४ अंशांवर येतात तेव्हा माणूस आणि भिंत सेन्सरच्या दृष्टीने सारखेच होतात. माणूस समोरून जातो, पण त्याच्या जागी जी उष्णता येते ती आधी होती तेवढीच असते. इथे एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही: सर्वांत अडचणीची वेळ ही सर्वांत उष्ण वेळ नव्हे. भिंत ४० अंशांपर्यंत तापली तर माणूस तिच्यापुढे थंड ठरतो आणि सेन्सरला तो बदलही चालतो, कारण त्याला फरक हवा असतो, तो कोणत्या दिशेचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अडचण असते ती मधल्या पट्ट्यात, म्हणजे सकाळी उशिरा भिंती तापत असताना आणि रात्री त्या निवत असताना. आणि रात्री जेवणानंतरची हीच वेळ घरात सर्वांत जास्त ये-जा होण्याची असते. ही काही एखाद्या मॉड्यूलमधली खोट नाही. एचसी-एसआर५०१च्या पट्टीवर तर तापमानाची भरपाई करणारा थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोध) बसवण्यासाठी रिकामी जागाही ठेवलेली असते. पण भरपाई म्हणजे संकेत अधिक पटींनी मोठा करणे; मुळात फरकच शून्यावर आला तर वाढवणार काय?

म्हणून रडारकडे वळावे लागते. आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे स्वस्त मॉड्यूल सुमारे ३ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) सोडते आणि हलणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींतला बदल ओळखते. त्याला तापमानाशी देणेघेणे नाही, भोकाचीही गरज नाही. लाकूड, प्लास्टिक, साधी काच यांतून ते पाहते. कागदावर हे लपवण्यासाठी अगदी आदर्श वाटते. पण आपल्या घरांत खोल्यांमधल्या भिंती बऱ्याचदा चार इंची विटांच्या असतात, आणि हे मॉड्यूल त्यांच्याही पलीकडची हालचाल टिपते. पुढे पाहते तसेच मागेही पाहते. छताचा पंखा फिरत असेल, कूलरचे पाते फिरत असेल, तर त्याच्या लेखी घरात सतत कोणी तरी फिरतच असते. ज्या घरात मार्च ते जुलै पंखा आणि कूलर बंद होत नाहीत, त्या घरातल्या आरशासाठी मी ते सुचवणार नाही.

एलडी२४१० हा २४ गिगाहर्ट्झचा रडार वेगळ्या जातीचा आहे. तो नुसती हालचाल नव्हे, तर अंतरही मोजतो. समोरच्या जागेचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे करतो आणि कोणत्या टप्प्यापर्यंत लक्ष द्यायचे, प्रत्येक टप्प्यात किती संवेदनशील राहायचे, हे आपल्याला ठरवता येते. मी त्याची मर्यादा सुमारे दीड मीटरवर ठेवली आहे. समोरच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात काय चालले आहे हे त्यामुळे त्याच्या हिशेबात येत नाही. स्तब्ध उभ्या माणसाच्या श्वासामुळे होणारी छातीची हालचालसुद्धा तो ओळखतो. पीआयआर सेन्सरला हे जमत नाही: कुंकू रेखताना किंवा टाय बांधताना माणूस अर्धा मिनिट जवळजवळ निश्चल असतो आणि त्या वेळी पडदा विझला तर चीड येते.

रडारही काचेमागे बसवू नये, पण त्याचे कारण वेगळे आहे. एकतर्फी काचेवरचा लेप बहुधा धातूचा असतो, आणि तो प्रकाशाला अर्धवट वाट देत असला तरी विजेचा वाहक असल्याने सूक्ष्मलहरींना परतवून लावतो. त्यातच मॉनिटरची पाठ म्हणजे सबंध पत्रा. त्यामुळे रडारसाठीही चौकटीचीच पट्टी बरी. खालच्या पट्टीत मागच्या बाजूने पटाशीने खाच करून समोर चार-पाच मिलिमीटर लाकूड राखले, त्यामागे मॉड्यूल बसवले; कोरड्या सागवानाचा एवढा थर त्याला जाणवत नाही. समोरून पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही, भोकही नाही. फक्त त्याच्यासमोर पट्टीवर धातूची नक्षी, खिळा किंवा धातूचा अंश असलेला सोनेरी रंग येणार नाही याची काळजी घ्यावी.

सारांशाने नव्हे, तर रचनेच्या दृष्टीने सांगायचे तर माझ्या आरशात दोन्ही सेन्सर आहेत आणि दोघांची कामे वेगळी आहेत. आरसा जागा करण्याचे काम पीआयआरचे, कारण तो चार पावले आधी पाहतो. जागा ठेवण्याचे काम रडारचे, कारण समोर उभा असलेला माणूस त्याला हलला नाही तरी दिसतो. होळीपासून जूनपर्यंत मात्र जागे करण्याचा अधिकार दोघांनाही दिलेला असतो. हे सगळे पायथॉनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बसते. जीपीआयओझीरो या लायब्ररीतून (तयार प्रोग्रॅमच्या संचातून) सेन्सर जोडलेल्या रास्पबेरी पायच्या दोन्ही पिना वाचायच्या, शेवटचा संकेत कधी आला ती वेळ नोंदवायची, आणि ठरावीक वेळ उलटली की पडदा विझवायचा. पडदा विझवण्याच्या आज्ञेबाबत एक सूचना: जुन्या लेखांत सर्वत्र व्हीसीजेनसीएमडीची आज्ञा दिलेली आढळते, पण रास्पबेरी पायच्या नव्या प्रणालींत, जिथे पडद्याचा कारभार वेलँड या नव्या व्यवस्थेकडे गेला आहे, तिथे डब्ल्यूएलआर-रँडर ही आज्ञा वापरावी लागते. त्याचप्रमाणे रास्पबेरी पाय ५ वर जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी चालत नाही, त्यामुळे तिच्यावर आधारलेले तयार घटक टाकण्याआधी ते पाहून घ्यावे. आणि मॉनिटर निवडतानाच खात्री करावी की संकेत थांबल्यावर तो गुपचूप झोपतो. काही मॉनिटर निळ्या पडद्यावर सूचना नाचवत बसतात, आणि मग एवढे करून अंधारात चमकणारा चौकोन राहतोच.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत, ५ व्होल्टचा संकेत त्यांना सहन होत नाही. एएम३१२ आणि एलडी२४१० या दोघांचाही बाहेरचा संकेत त्या मर्यादेत असतो, म्हणून थेट जोडता येतात. एलडी२४१०ला वीज मात्र ५ व्होल्टची लागते आणि तो ८० मिलीअँपिअरच्या आसपास घेतो. दुसरी गोष्ट वायफायची. पीआयआर सेन्सरचे मूळ संकेत अतिशय क्षीण असतात आणि रास्पबेरी पायच्या अँटेनाजवळ तो ठेवला तर माहितीची देवाणघेवाण सुरू झाली की तो कोणी नसताना चाळवतो. दर दहा मिनिटांनी हवामान ताजे होताना आरसा उजळत असेल तर भुताखेताचा नव्हे, वायफायचा संशय घ्यावा. रास्पबेरी पाय वरच्या कोपऱ्यात आणि सेन्सर खालच्या पट्टीत, मध्ये मॉनिटरचा पत्रा, एवढ्या अंतराने हा त्रास नाहीसा होतो.

काही जण या सगळ्याऐवजी काचेमागे कॅमेरा ठेवतात. तांत्रिकदृष्ट्या तो सोपा आहे: दृश्य प्रकाश काचेतून येतो, चौकटीला हात लावावा लागत नाही, आणि चेहरा ओळखून प्रत्येकाला वेगळी माहिती दाखवता येते. मला तो घरात नको. आरशासमोर माणूस जसा असतो तसा तो एरवी कोणासमोरही नसतो, आणि त्या काचेमागे भिंग असणे मला योग्य वाटत नाही, मग त्यातले चित्र कुठे साठवले जात नसले तरीही. पीआयआरकडून मिळते ते फक्त होय किंवा नाही, आणि रडारकडून एक अंतर. यातून कोण आले, कसे दिसत होते, काय घातले होते, हे कोणालाही काढता येत नाही. माझा प्रोग्रॅम तेवढ्याही नोंदी ठेवत नाही. शेवटची वेळ तो स्मरणात ठेवतो आणि पुढच्या वेळेने ती पुसली जाते.

तरीही लपवलेल्या वस्तूबद्दल घरातल्यांना सांगायला हवेच. आईने पहिल्याच दिवशी विचारले, "हा आपल्याकडे पाहतो का रे?" मी तिला खालच्या पट्टीतले भोक दाखवले, पट्टी काढून आतला सेन्सर तिच्या हातात दिला, आणि तो तोंडासमोर धरून एलईडी कशी लागते ते दाखवले. तिने तो पालथा-उताणा करून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे ऊब ओळखतो, माणूस नाही ओळखत." इतके अचूक वर्णन मला पुस्तकात मिळाले नव्हते. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनाही मी हे सांगतो. सेन्सर नजरेआड ठेवणे हा शोभेचा भाग आहे, माणसांपासून लपवण्याचा नाही. याच कारणाने झोपण्याच्या खोलीतल्या किंवा न्हाणीघरातल्या आरशात, साधा पीआयआरसुद्धा, मी कोणासाठी बसवून देत नाही.

खालची पट्टी मी फेव्हिकॉलने न चिकटवता मागून दोन स्क्रूंनी बसवली आहे आणि सेन्सरच्या तारांना निघणारे कनेक्टर लावले आहेत, त्यामुळे आरसा भिंतीवरून न उतरवता पट्टी तेवढी खाली काढता येते. पॉलिथिनवर धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर बसतो, तो काही काळाने सेन्सरची नजर मंद करतो. पुसण्याने पापुद्रा सैल होतो, म्हणून तो बदलणेच बरे. मी दर वर्षी होळीच्या सुमारास, उन्हाळा लागण्याआधी, नवा तुकडा ताणून लावतो आणि त्याच बैठकीत रडारचा जागे करण्याचा अधिकार प्रोग्रॅममध्ये चालू करतो. सेन्सर पुन्हा जोडल्यावर मिनिटभर तो स्थिरावू द्यावा. तेवढ्या वेळात तो उगाच दोन-चार वेळा संकेत देतो, त्याकडे लक्ष देऊ नये.